मॅडम, क्षारपड रानासाठी तुमचे आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

शिरोळ-मिरज भागातल्या कृष्णाकाठच्या क्षारपड (मीठ साचून नापीक होत चाललेल्या) जमिनीत जिवाणू खतं वापरणारे आम्ही शेतकरी हे पत्र मुद्दाम जाहीर लिहितो आहोत. तुमचे आभार मानायचे आहेतच, शिवाय तुम्ही शिकवलेलं इतरांच्याही हाती पडावं असं वाटतं.

सगळ्यात आधी आभार तुमच्या स्पष्टपणाचे. ‘क्षार नष्ट करणारं’ म्हणून बाटल्या विकल्या जात असताना, जिवाणू जमिनीतलं मीठ संपवत नाहीत हे तुम्ही ठणकावून सांगितलंत. मीठ जातं ते पाण्यात विरघळून, निचऱ्यावाटे. म्हणून आधी चर किंवा भूमिगत सच्छिद्र पाईप, मग जिवाणू. पाणी तुंबलेल्या रानात मातीतली हवा संपते. तिथे पिकाचं मूळही जगत नाही आणि वरून ओतलेले हे जिवाणूही काम करत नाहीत.

मग ते करतात काय? हे तुम्ही समजावलंत तितकं नीट कुणी समजावलं नव्हतं. क्षाराचा ताण बसला की रोपाच्या अंगात इथिलिन हा वायूरूप संप्रेरक वाढतो आणि मुळाची वाढ खुंटते. इथिलिन ज्यापासून बनतं त्या एसीसी नावाच्या पदार्थाचं काही जिवाणू एसीसी डीअमिनेझ या एन्झाइमने तुकडे करतात आणि त्यातला नत्र स्वतःसाठी वापरतात. इथिलिन कमी, म्हणून मूळ चालत राहतं. दुसरे काही जिवाणू मुळाभोवती चिकट स्राव सोडतात. त्यात सोडियम अडकतं, माती मुळाला धरून राहते आणि ओल टिकते. रोप हलक्या हाताने उपटून झटकलं की मोज्यासारखी मुळाला चिकटून राहिलेली माती तुम्ही दाखवलीत. आता रान बघताना आम्ही आधी तेच बघतो. मायकोरायझा बुरशी स्फुरद आणि पाणी लांबून ओढून आणते, आणि झाडात सोडियमच्या तुलनेत पोटॅशचं प्रमाण चांगलं राहायला मदत करते.

माती परीक्षणाचा कागद वाचायला तुम्ही शिकवलंत, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. संपृक्त अर्काची (माती पाण्याने पुरती भिजवून काढलेल्या पाण्याची) क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या आत आणि विनिमययुक्त (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. क्षारता ४ च्या आत, पण सामू ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं तर चोपण. पहिलीला निचरा आणि गोडं पाणी लागतं. दुसरीला त्याआधी जिप्सम लागतं, तेही प्रयोगशाळेने काढून दिलेल्या मात्रेत. आपली काळी रानं बहुतेक चुनखडीची, म्हणून तिथे गंधकही चालतं. पण गंधकाचं आम्ल करणारे जिवाणूच असतात आणि त्यांना ओल, हवा व काही आठवडे वेळ लागतो, हे तुम्ही सांगेपर्यंत कुणी बोललं नव्हतं. आणखी एक : माती-पाणी १:२.५ करून मोजलेला आकडा संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बराच कमी येतो. कागदावर १.५ दिसलं म्हणून निर्धास्त राहायचं नाही, पद्धत कोणती ते आधी विचारायचं.

उसाच्या बेण्याची प्रक्रिया तुमच्यामुळे योग्य क्रमाने होते. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, त्यात उसाची टिपरी १० ते १५ मिनिटं बुडवायची. निथळून सावलीत सुकवायची. मग दुसऱ्या १०० लिटर पाण्यात १० किलो नत्र पुरवणारं अ‍ॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ३० मिनिटं. दोन्ही एकाच टिपाडात कालवले की जिवाणूंची मेहनत वाया. लागण वरंब्याच्या माथ्यावर न करता बगलेत, कारण पाणी उडून जाताना मीठ माथ्यावर साठतं. तिथली पांढरी रेघ उघड्या डोळ्यांना दिसते.

शेणखताचा ढीगही तसाच. एकरी १०० किलो चांगलं कुजलेलं शेणखत, त्यात प्रत्येकी एक लिटर द्रवरूप, हवेतला नत्र बांधणारं अ‍ॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी (म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू). सावलीत ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवायचं. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, एवढीच ओल. मग वाफशावर सरीत टाकून लगेच मातीआड करायचं. उन्हात उघडं पडलेलं शेणखत म्हणजे मेलेले जिवाणू.

फसतं कुठे, हेही तुम्ही लपवलं नाहीत. रासायनिक खतात मिसळलं, क्लोरीनच्या नळपाण्यात भिजवलं, आठ दिवसांच्या आत ताम्रयुक्त बुरशीनाशकाची आळवणी केली, दुकानात पत्र्याखाली तापलेली बाटली आणली, तर काही उपयोग नाही. द्रवरूप खतात मिलिलिटरला किमान १० कोटी आणि पावडरीत ग्रॅमला ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. लेबलावर हा आकडा आणि मुदत बघायची सवय तुम्ही लावलीत. जिवाणू कुठले आहेत हेही बघायला सांगितलंत, कारण गोड्या मातीतून आलेला जिवाणू खाऱ्या रानात टिकेलच असं नाही. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या लखनौ केंद्राने हॅलो-अ‍ॅझो आणि हॅलो-पीएसबी ही खतं क्षार सोसणाऱ्या जिवाणूंपासूनच तयार केली आहेत.

आणि मर्यादा. उसाचं उत्पादन संपृक्त अर्काची क्षारता साधारण १.७ च्या पुढे गेली की घटायला लागतं, कांद्याचं १.२ लाच. गहू ६ पर्यंत आणि कापूस ७.७ पर्यंत तग धरतो. जिवाणूंनी या रेषा थोड्या सरकतील, पुसल्या जाणार नाहीत. त्यामुळे रान फार खारं असेल तर आधी धैंचा हे हिरवळीचं पीक घेऊन ते ४५ ते ५० दिवसांनी गाडायचा, हा तुमचा आग्रह रास्तच होता.

दर प्लॉटात दोन सऱ्या बिनजिवाणूंच्या सोडायला तुम्ही लावलंत. त्याशिवाय फरक जिवाणूंचा की पावसाचा, हे कळलंच नसतं. उसाच्या आडसाली (पावसाळ्यातल्या) लागणीआधीचे मातीचे नमुने ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर अशा दोन थरांतून काढून, सावलीत वाळवून, गट नंबर लिहून ठेवले आहेत. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याच्या बाटल्याही सोबत आहेत. तुम्हाला सवड होईल त्या दिवशी घेऊन येतो.

आपले कृतज्ञ,
कृष्णाकाठचे क्षारपड शेतकरी