बोअरचा चुरा कुणी वाचणार आहे का?

महोदय,

भूजलाच्या कायद्याची चर्चा निघाली की ती दरवेळी खोलीपाशी येऊन अडते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ नुसार ६० मीटरपेक्षा जास्त खोलीची ती ‘खोल विहीर’ आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ती घ्यायला मनाई. ६० मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. मी उमेदीची वर्षे बोअरच्या गाडीवर ड्रिलर म्हणून काढली, आणि ही मर्यादा मला मान्य आहे. पण नुकसान दोनशे फुटांच्या आतही होते. ते वरून दिसत नाही, म्हणून हे पत्र.

राज्याचा सुमारे ८० टक्के भाग ज्या बेसॉल्टवर आहे, तो काही एकसंध दगड नव्हे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. बोअर घेताना गाडीचा हातोडा खाली जातो तसा बाहेर येणाऱ्या दगडाच्या चुऱ्याचा रंग बदलतो. आधी तपकिरी मुरूम. मग भुरकट, पांढरे ठिपके असलेला सच्छिद्र दगड, यात पाणी मिळते. मग काळा पाषाण. नुसती धूळ उडते, थेंब नाही. त्याखाली कधी कधी हातभर तांबडा थर, आणि तो ओलांडला की पुन्हा सच्छिद्र दगड, पुन्हा थोडे पाणी. वरचे पाणी गावच्या विहिरींचे, पावसाळ्यात भरणारे. खालचे फटींत अडकलेले, भरायला वर्षानुवर्षे घेणारे. या दोन पाण्यांना वेगळे ठेवतो तो मधला काळा पाषाण.

गाडी काय करते? केसिंग, म्हणजे भोकात बसवायचा पाइप, मुरूम संपेपर्यंतच टाकते, कारण वरची माती ढासळू नये एवढाच त्याचा उपयोग मानला जातो. खाली सगळा दगड उघडा. बोअर वरच्या पाण्यातून गेला, काळा पाषाण फोडला, खालच्या फटीत उतरला. त्या फटी उपशाने रिकाम्या झालेल्या असल्या की वरचे पाणी त्याच भोकातून खाली पडत राहते. मोटर बंद करून बोअरच्या तोंडाशी कान लावा, आवाज ऐकू येतो. लोक ‘झरा लागला’ म्हणून खूश होतात! तो बहुतेकदा शेजारच्या विहिरीचा झरा असतो. बोअर फेल गेला म्हणून तोंडावर दगड ठेवून सोडून दिला, तरी ही गळती चालूच. म्हणजे एक थेंबही न उपसता बोअर विहीर आटवू शकतो, आणि मोटरच्या अश्वशक्तीवर नियम करून त्याला हात लागत नाही.

शिवाय या दगडाच्या पोटात पाणी मावते किती? भिजलेल्या बेसॉल्टमधून त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्केच पाणी सुटते. २ टक्के धरा. हेक्टरभर रानाखाली पातळी एक मीटर उतरली, तर हाती येते २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. तापी-पूर्णेच्या गाळात हाच हिशेब कितीतरी पट जास्त भरेल. दोन्हीकडे एकच नियम लावून कसे चालेल?

१९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला आडकाठी केली. हेतू चांगला, पण दगड वर्तुळे मानत नाही. थर चिरून उभी वर आलेली दगडाची भिंत, म्हणजे डाइक, मध्ये असेल, तर पन्नास मीटरवरच्या दोन विहिरींचा एकमेकींशी संबंध नसतो. तोच एखादा सच्छिद्र थर किलोमीटरभर पलीकडच्या बोअरला जोडून देतो. नवा कायदा, म्हणजे वरचा २००९ चा, जो १ जून २०१४ पासून लागू झाला, पाणलोटाचा विचार करतो ही चांगली गोष्ट. तरी पाणलोट जमिनीच्या उतारावर आखतात. खालचा थर त्या उताराला बांधील नसतो.

थर कळावा कसा? माहिती रोज बाहेर येते आणि बांधावर टाकून दिली जाते. दर दहा फुटांचा चुरा, पाणी कितीव्या फुटावर लागले, केसिंग किती गेले, हे ड्रिलरला माहीत असते. बिलावर खोली आणि केसिंग लिहिलेले असतेच, त्यात चुऱ्याचा एक रकाना वाढवा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत जमा करा. कायद्यात गाडीमालकांच्या नोंदणीची तरतूद आहे. विहिरी लाखांनी आहेत, गाड्या त्यामानाने थोड्या. लक्ष ठेवायचे तर गाडीवर ठेवणे सोपे. अर्थात, फुटावर पैसे घेणारा माणूस ‘आता थांबा’ असे आपणहून म्हणणार नाही, हे मी आतला माणूस म्हणून सांगतो. (पाणाड्याही नारळ हातात उभा राहिला म्हणून सांगतो, खाली कुठला थर आहे ते सांगत नाही.)

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आसपासच्या बोअरची अशी नोंद हाताशी असली, तर पातळी उतरली ती उपशाने की गळतीने, हे तरी ताडता येईल. आणि फेल गेलेले बोअर काळ्या पाषाणाच्या खोलीवर सिमेंटने बुजवायला निदान गावांच्या पाणीपुरवठा विहिरींच्या आसपास या उन्हाळ्यात सुरुवात करावी. त्यासाठी कुणाचेही पीक वा वीजजोडणी तोडावी लागत नाही.

आपला,
एक निवृत्त ड्रिलर