मुसोलिनीचा पाडाव आणि ते 45 दिवस

मा. संपादक,

इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याची सत्ता दोस्तांच्या रणगाड्यांनी उलथवली, असे सरसकट लिहिले जाते. ते अर्धसत्य आहे. सिसिलीत दोस्त फौजा 10 जुलै 1943 ला उतरल्या, 19 ला रोमवर बॉम्ब पडले, हे खरे. पण जमीन आधीच खचली होती: पावाचे रेशन ऑक्टोबर 1941 मध्ये माणशी रोज 200 ग्रॅम होते, मार्च 1942 मध्ये ते 150 वर आले, वर्षभराने तुरीनचे कामगार संपावर गेले.

शेवटचा धक्का घरातलाच. 25 जुलैच्या पहाटे मुसोलिनीच्याच पक्षाच्या फॅसिस्ट महापरिषदेने फॅसिस्ट नेता दिनो ग्रांदी याचा ठराव 19 विरुद्ध 8 मतांनी संमत केला. सेनेचे अधिकार राजाकडे परत द्यावेत, ही त्यातली मुख्य मागणी होती. राजाला तेवढे निमित्त पुरले. त्याच दिवशी मुसोलिनीला अटक झाली.

खरी गंभीर चूक पुढच्या 45 दिवसांतली, आणि तिच्याबद्दल फार थोडे लिहिले जाते. मुसोलिनीच्या जागी पंतप्रधान झालेल्या मार्शल बादोल्योने ‘युद्ध चालूच राहील’ असे जाहीर केले आणि आतून दोस्तांशी वाटाघाटी लांबवल्या. तेवढ्यात जर्मन तुकड्या इटलीत शिरल्या. 3 सप्टेंबरला झालेला युद्धविराम 8 तारखेला जाहीर झाला, तेव्हा सैन्याकडे स्पष्ट आदेशच नव्हते. दुसऱ्या पहाटे राजा आणि बादोल्यो रोम सोडून गेले. सुमारे सहा लाख इटालियन सैनिक जर्मन छावण्यांत गेले.

एक वाचक