मनूला पत्र : बेसचा अ‍ॅम्प घेण्याआधी

मिरज

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले बेस गिटारच्या अ‍ॅम्पचे दोन्ही फोटो काल रात्री आईच्या मोबाइलवर मोठे करून नीट पाहिले. एक नवा, आठ इंची स्पीकरचा, 15 वॅटचा. दुसरा जुना, पंधरा इंची स्पीकरचा भलामोठा डबा, कुणाचा तरी बँड मोडला म्हणून विकायला काढलेला. दोन्ही तुझ्या 20 हजारांत बसतात, म्हणून तुझं ठरत नाहीये. फोनवर सांगितलं तर निम्मं राहून जाईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं मत आधी सांगतो. दोन्ही घेऊ नकोस. 40 वॅटच्या आसपासचा, दहा इंची स्पीकरचा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात असलेला, बघ. मागे एक्सएलआर लाइन आउट, म्हणजे मिक्सरला आवाज द्यायचं तीन पिनांचं सॉकेट, असलेला, आणि तुला एकटीला उचलून रिक्षात ठेवता येईल असा.

वॅटच्या आकड्यावर जाऊ नकोस. तुझ्या जन्माआधी टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर ‘पीएमपीओ 1000 वॅट’ असं ठळक छापलेलं असायचं, आणि आतून दहा-वीस वॅट निघाले तरी खूप झाले म्हणायचं. म्हणून ‘आरएमएस’ किंवा सलग मिळणारी पॉवर किती, एवढंच विचार. तीही दुप्पट केली तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. 15 च्या जागी 30 वॅटचा घेतलास तर फरक कळेल, पण तुला वाटतोय तेवढा नाही. स्पीकर केवढा आणि डबा कसला, यावर बेसचं जास्त अवलंबून असतं.

तुझी उघडी ई तार, सगळ्यात जाडी, 41 हर्ट्झवर बोलते. साध्या गिटारची जाडी ई 82 वर. आपल्या ओळखीच्या सुरात सांगायचं तर काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याचा खरज 69 च्या आसपास येतो. तू त्याच्याही बरीच खाली वाजवतेस. सतारमेकर गल्लीतून शाळेत जाताना तू रोज भोपळे वाळत पडलेले बघायचीस. मंगळवेढ्याकडून आलेल्या त्या ढिगातून तानपुऱ्यासाठी मोठ्या घेराचा भोपळा निवडताना कारागीर किती वेळ घेतात, आठवतं ना? खालच्या सुराला जागा लागते, हवा हलवावी लागते. आठ इंची स्पीकरला 41 हर्ट्झवर तेवढी हवा हलवता येत नाही. तरी त्यातून ई ऐकू येते, कारण तारेतून 82, 123 असे वरचे स्वरही निघतात आणि त्यांवरून कान खालचा सूर स्वतःच जुळवून घेतो. खोलीत एकटी बसलीस की हे पुरतं. शेजारी कुणी काहोन, तो बसून वाजवायचा लाकडी खोका, वाजवायला लागलं की तो जुळवलेला सूर पहिल्यांदा हरवतो.

मग पंधरा इंचीच का नको, असं तू म्हणशील. तुझ्या भिंतीवर त्या फ्रीजएवढ्या कॅबिनेटचा फोटो आहे ना, अँपेगचा? त्यात पंधरा इंची एकही स्पीकर नाही. दहा इंचीचे आठ आहेत. त्यांच्यावरचा एसव्हीटी नावाचा 300 वॅटचा अ‍ॅम्प 1969 साली आला, तोही अशाच कॅबिनेटच्या जोडीसाठी. दहा इंचीचा कोन, म्हणजे स्पीकरचा कागदी पडदा, हलका, चटकन हलणारा. बोट तारेवर पडल्याचा ठोका त्यात स्वच्छ येतो. पंधरा इंचीही चांगला वाजतो, पण त्याचा डबा तेवढाच चांगला हवा, आणि फोटोतल्या डब्याची मागची फळी मला फुगलेली दिसली. पाणी लागलेलं असणार. शिवाय तो 25 किलोच्या खाली नसेल. तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. दोनदा वर-खाली केलंस की तिसऱ्या वेळी तू तो न्यायची नाहीस, आणि घरी पडून राहिलेल्या अ‍ॅम्पचा काही उपयोग नाही.

कॉलेजातल्या त्या मुलाचा गिटार अ‍ॅम्प फुकट मिळतोय, त्यावर चालवू का, असंही विचारलंस. हळू आवाजात, फक्त सरावाला, चालेल. गिगला, म्हणजे कार्यक्रमाला, अजिबात नको. एकदा गणपतीत एका ऑर्केस्ट्राचा बेसवाला स्वतःचा अ‍ॅम्प न घेताच आला, आणि मी त्याला गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये पिन लावू दिली. तिसऱ्या गाण्याला कोन फडफडायला लागला, पाचव्याला कडेच्या घडीपाशी फाटला. गिटारच्या स्पीकरचा कोन थोडाच मागेपुढे होण्यासाठी बनवलेला असतो. बेस त्याला त्याच्या हद्दीबाहेर ओढते. अ‍ॅम्प दुसऱ्याचा होता. कोन मी भरून दिला, पण त्या माणसाचा चेहरा अजून विसरलो नाही. लिओ फेंडरने 1951 मध्ये बेस गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बासमन नावाचा वेगळा अ‍ॅम्प काढला, तो उगीच नाही.

आता गिगचं. तुम्ही जिथे वाजवता, कॅफे, कॉलेजचं गॅदरिंग, सोसायटीतला कार्यक्रम, तिथे साऊंडवाल्याचा मिक्सर आणि टॉप, म्हणजे लोकांकडे तोंड केलेले मोठे स्पीकर, असतातच. तुझ्या अ‍ॅम्पने शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची गरज नाही. तुला आणि तुझ्या शेजारच्याला ऐकू आलं की झालं. बाकी लाइन आउटमधून एक केबल मिक्सरला द्यायची. म्हणून माझा जीव त्या एका सॉकेटवर आहे. फेंडरच्या रंबल मालिकेत 25 वॅटच्या आठ इंचीला तो नाही, 40 वॅटच्या दहा इंचीला आहे, आणि वजन 8 किलोच्या आसपास. नवा कदाचित बजेटच्या थोडा वर जाईल, वापरलेला बसेल. नाव तेच पाहिजे असं नाही. लेनी, अँपेग, कुणाचाही चालेल, सॉकेट बघून घे. पूर्ण ड्रमसेटबरोबर मिक्सरशिवाय वाजवायची वेळ आली तर 40 वॅट कमी पडतील. तेव्हा 100 वॅटचा भाड्याने आण.

रात्रीच्या सरावाला हेडफोनचं सॉकेट लागेल, पिन घातली की स्पीकर बंद होतो. फोनवरचं गाणं जोडायला ऑक्स इन. ब्लूटूथ हेडफोनवर सराव करू नकोस, आवाज किंचित उशिरा पोचतो आणि नकळत तुझी लय बिघडते.

वापरलेला बघायला जाशील तेव्हा स्वतःची बेस आणि केबल घेऊन जा. अ‍ॅम्प बंद असताना दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेव आणि अगदी हलकेच, सारखा जोर देऊन आत दाब. कोन गप्प आत जाऊन परत आला पाहिजे. घासल्याचा बारीकसा जरी आवाज आला तरी कॉइल वाकडी बसलीय किंवा भाजलीय असं समज आणि उठ. जाळीतून नाक लावून वास घे, जळक्या वार्निशचा वास तुला आपल्या दुकानामुळे माहीत आहेच. मग चालू करून आवाज अर्ध्यावर ठेव आणि ई तारेवर एकेक फ्रेट चढत जा, प्रत्येक स्वर दोन सेकंद. एखाद्याच स्वराला डबा खडखडला तर कुठलातरी स्क्रू किंवा फळी सैल आहे, ते घरी होतं. सगळ्याच स्वरांना खरखर आली तर नको. नॉब फिरवताना करकर झाली तर घाबरू नकोस, स्प्रेने जाते. पी-38 पिन, म्हणजे गिटारच्या केबलची जाडी पिन, लावून हलवून बघ. शेवटी मागचं लेबल वाच: 220-240 व्होल्ट हवं. परदेशातून कुणी 120 व्होल्टचा आणलेला असतो आणि स्वस्तात देतो, तो सरळ लावलास तर जळेल.

आणि प्लगची मोठी पिन कापलेली नाही ना, ते बघ. कापलेली असेल तर अ‍ॅम्प कितीही छान वाजू दे, घेऊ नकोस. हे मी फार गांभीर्याने सांगतोय.

आपल्या विजेचा हम, म्हणजे स्पीकरमधली ती सततची घुंई, 50 हर्ट्झचा. तुझ्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी 49 चा. हमची दुप्पट 100, तुझी उघडी जी तार 98. म्हणजे हम बेसच्या सुरांच्या अगदी खेटूनच बसतो, गिटारवाल्यापेक्षा तुला तो जास्त छळणार. मग कुणीतरी शहाणा सांगतो, अर्थची पिन काढ, हम जातो. जातोही. पण तुझ्या तारा ब्रिजमधून, केबलमधून अ‍ॅम्पच्या लोखंडाला जोडलेल्या आहेत. अ‍ॅम्पला अर्थ नसेल आणि आत काही बिघडलं, तर तारेवर तुझा हात आणि माइकला तुझे ओठ, अशी वाट विजेला मिळते. एका जत्रेत टू-पिन बोर्डावर असं झालेलं मी पाहिलंय. गाणारा माइकला चिकटला नाही, मागे फेकला गेला, म्हणून वाचला. त्या दिवसापासून अर्थ तपासल्याशिवाय मी स्टेजवर एकही बोर्ड चालू केलेला नाही. हम घालवायचा असेल तर अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर घे, आणि लाइन आउटशेजारी ग्राउंड लिफ्टचं बटण असेल तर ते दाब. ते फक्त सिग्नलच्या केबलचा अर्थ सोडतं, विजेचा नाही.

स्टेजवर अ‍ॅम्प कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवू नकोस, खालचे सूर फुगतात आणि सगळं गढूळ होतं. पोकळ लाकडी स्टेजवरही तेच. खुर्चीवर ठेव, तुझ्या कानाकडे तोंड करून. आणि खोलीत हळू आवाजात छान वाटणारी बेसची नॉब तिथे थोडी कमी कर, मिड वाढव. हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून घरी आपण ते वाढवून ठेवतो, मोठ्या आवाजात तेच घों-घों होतात.

पार्सलमध्ये सहा मीटरची केबल पाठवतोय, दोन्ही टोकं मी स्वतः डाग देऊन केलीत. सोबत माझा छोटा मल्टिमीटर. तुला शिकवलंय तसं खोलीतल्या सॉकेटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ दोन्ही मोज. दोन्हीकडे 230 च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट दिसले पाहिजेत. फेज-अर्थ शंभराच्या खाली लोंबकळत असेल तर तिथे अर्थ नाहीच. ते आकडे मला कळव, मग अ‍ॅम्प ठरवू. शनिवारी बघायला जाणार असशील तर मी कोयना एक्स्प्रेसने येतो. पंधरा इंचीवाल्याला अजून हो म्हणू नकोस.

आईने चिवडा दिलाय, केबलखाली ठेवलाय.

तुझा,
बाबा