चि. बंडूस

अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास, म्हणून लिहितोय. औषधाच्या दुकानात चारचौघांत 'घरात ब्रेस्ट कॅन्सर कुणाला?' असं विचारल्यावर ओशाळायला होणारच. पण म्हणून टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या न घेताच परतायचं? उलट्या थांबल्या का?

डॉक्टरांना मी गाठलंच. गोळी कॅन्सरची खरी, पण पेरिटोनियम, म्हणजे पोटातलं अस्तर, जाड होऊन आतड्यांना आवळत जातं, ते थोपवायला ती देतात. नेदरलँड्समधल्या रुग्णांचा अभ्यास २०११ साली छापून आला. रुग्ण मोजकेच होते, तरी ही गोळी घेणारे जास्त जगले. हा आजारच इतका विरळा, की मोठा अभ्यास करायला माणसं आणायची कुठून? पायाला सूज आली, पोटरी दुखली तर मात्र लगेच दाखव. या गोळीने रक्ताची गुठळी होऊ शकते.

आणि प्रेडनिसोलोन, ते स्टेरॉइड, मनाने बंद करू नकोस. अचानक सोडलं तर अंगावर बेततं. आपल्याकडे टीबीनेही आतडी अशीच गुंडाळली जातात, म्हणून आधी तो नाही ना, हे बघूनच त्यांनी ते सुरू केलंय. हे सगळं तुला माहीत आहे. बत्तिशीच्या पोराला शिकवतोय, राग मानू नकोस.

पीडी, म्हणजे ते पोटातून घरी करायचं डायलिसिस, सोडून हिमोवर, मशीनवरच्या डायलिसिसवर, गेलास तेव्हा वाटलं, सुटलो. पीडीमुळे जडणारं हे दुखणं पीडी थांबल्यावरही डोकं वर काढतं, हे कुणाच्या ध्यानीमनी? तेव्हा माळ्यावर पीडीच्या पाण्याच्या बॅगांचे खोके रचलेले असायचे. ताईच्या लग्नात मंगलाष्टकं संपली न संपली तोच तू वर गेलास. दार-खिडक्या लावून, पंखा बंद करून, मास्क बांधून त्या उकाड्यात एक्स्चेंज केलंस, पोटातलं पाणी बदललंस, आणि पंगतीला जिलबी वाढायला खाली हजर! व्याह्यांना पत्ताही लागला नाही. नानांना मी ते अजून सांगतो. नाना कंटाळलेत.

आईने पेजेसाठी तांदूळ भाजून दिलेत, शनिवारी दादा आणेल. पेज दिवसाच्या ठरलेल्या पाण्याच्या मापात धर. गोळ्याही त्यालाच आणायला सांगितल्यात, तू दुकानात जाऊच नकोस.

उलटीचं विचारणार नव्हतो. पण हिरवी झाली, पोट फुगलं, तर सकाळची वाट बघू नकोस. रात्री कितीही वाजता फोन कर, मी जागाच असतो.

तुझा,
बाबा