'दहापैकी दहा द्या हं!'

संपादक महोदय,

सोलापूरच्या नवी पेठेत कापड घेतलं की आता बिलापाठोपाठ मोबाइलवर प्रश्न येतो, 'आमचं दुकान ओळखीच्यांना सुचवाल का? ० ते १० गुण द्या.' अमेरिकी व्यवस्थापन सल्लागार फ्रेडरिक रायकेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेली ही 'नेट प्रमोटर स्कोअर' पद्धत. अनेक दुकानदार गुणांची सरासरी काढतात आणि ७.८ आले म्हणून खूश होतात. हिशेब तसा नाही. ९-१० देणारे समर्थक, ७-८ देणारे काठावरचे, ० ते ६ देणारे नाराज. समर्थकांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा करायचे. शंभरात ५० समर्थक, ३० काठावरचे, २० नाराज असतील, तर स्कोअर ३०. तो उणे १०० ते अधिक १०० यांत कुठेही असू शकतो, त्यामुळे ३० म्हणजे नापास नव्हे.

शंभरच उत्तरं असतील तर हा ३० निव्वळ योगायोगानेही सुमारे १५ अंकांनी इकडेतिकडे होऊ शकतो. ४०० उत्तरांवरही आठेक अंकांनी. तेव्हा ३० चे ३६ झाले म्हणून पेढे वाटू नयेत. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी आणि पावसाळ्यातलं गिऱ्हाईक यांचीही तुलना नको. जानेवारीशी जानेवारीच ताडून पाहावा.

प्रश्न कधी विचारला, यावरही सगळं ठरतं. बिल होताच विचारलं तर सेल्समनचं बोलणं मोजलं जातं, चादर नव्हे. रंग टिकला का, टॉवेल आटला का, हे दोन-तीन धुण्यांनंतर कळतं; म्हणून दुसरी विचारणा तीनेक आठवड्यांनी करावी. सोबत 'हा गुण का दिलात?' हे विचारावंच, कारण सुधारणा त्या उत्तरातून होते, आकड्यातून नाही. रंग गेल्याच्या तक्रारी एकाच लॉटच्या निघाल्या, तर रंगाईनंतरची धुलाई अपुरी झाल्याने न मुरलेला रंग सुटत असण्याची शक्यता मोठी. तो लॉट रंगाईवाल्याला दाखवावा. काउंटरवरच्या पोराला झापून काय होणार?

सहा किंवा कमी गुण देणाऱ्याला दोन दिवसांत फोन जावा, तोही माल बदलून देण्याचा अधिकार असलेल्या माणसाचा. प्रश्न कोणाला पाठवायचा हे कॅशियरने ठरवू नये, रागावलेलं गिऱ्हाईक नेमकं वगळलं जातं; दर पाचवं बिल निवडावं. आणि गुणांवर इन्सेंटिव्ह देणं आधी बंद करावं. सेल्समन 'दहा द्या हं साहेब' म्हणत समोर उभा असताना सात कोण देईल? बक्षीस द्यायचंच असेल तर फोन करून मिटवलेल्या तक्रारींवर द्यावं.

– एक ग्राहक-सर्वेक्षण अभ्यासक, सोलापूर