मॉरिशसचे मराठी व्यापाराला गेले नव्हते

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला मॉरिशसच्या सहलीवरचा लेख वाचला. निळं पाणी, डोडो, गंगा तलाव, सगळं आलं. पण तिथल्या मराठी लोकांचे पूर्वज ‘व्यापारानिमित्त गेले’, हे वाक्य खटकलं. बहुतेक जण मजूर म्हणून गेले, तेही आपल्याच कोकणातून आणि घाटावरून. सरकारी नोंदीत त्यांच्या नावापुढे नंबर असे. व्यापाऱ्याच्या नावापुढे सरकार कधी नंबर घालतं का?

गुलामगिरी बंद होणार म्हटल्यावर तिथल्या ऊसमळेवाल्यांना स्वस्तात राबणारी माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाज ३६ जणांना घेऊन कलकत्त्याहून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला लागलं. करार ५ वर्षांचा, पगार महिना ५ रुपये. (कागदपत्रांत त्यांना ‘धांगर’ म्हटलंय. ते आपले धनगर नव्हेत, छोटा नागपूरचे आदिवासी होते.) पुढे बोंबाबोंब होऊन १८३९मध्ये ही मजूरभरती बंद झाली, पण १८४२मध्ये मॉरिशससाठी परत सुरू झाली. या वेळी परवानगी मिळालेल्या बंदरांत कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबईही होती. रत्नागिरी, साताऱ्याकडची माणसं त्या वाटेने गेली.

त्या प्रवासाचं एकच उदाहरण देतो. १८५६च्या जानेवारीत कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी (कॉलरा) लागली होती. माणसांना पोर्ट लुईला उतरू न देता गॅब्रिएल नावाच्या उजाड बेटावर सोडलं. तिथे अडीचशेहून जास्त माणसं मेली. हिंदुस्थान सरकारलाही काही काळ मॉरिशसची भरती थांबवावी लागली, यावरून काय ते समजावं.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या गावात मॉरिशसचं एक वयस्क जोडपं आलं होतं. हातात जुन्या नोंदीची झेरॉक्स. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ही दप्तरं जपून ठेवली आहेत. जहाज, नंबर, वय, बापाचं नाव, गाव, सगळं त्यात होतं. फक्त गावाचं नाव कारकुनाने कानाला लागलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. ते वाचून आमच्या तलाठ्याने तीन गावं सुचवली. बाई तोडक्या मराठीत म्हणाल्या, “तिन्ही बघतो.” तिन्ही बघितली. प्रत्येक देवळात नारळ ठेवला आणि गेले.

करारावर मजूर नेण्याची ही पद्धत बंद करा, असा ठराव ४ मार्च १९१२ रोजी कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मांडला होता. सरकारी मतांनी तो पाडला. गोखले आपल्याकडे ‘गांधीजींचे गुरू’ एवढ्याच एका ओळीत संपतात, हे आणखी एक दुखणं.

कलकत्त्यात हुगळीकाठी दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला असेच करारावर गेलेल्या मजुरांचं स्मारक आहे. हे मजूर जिथे उतरत तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६पासून जागतिक वारसा यादीत आहे. मुंबईच्या बंदरावर या लोकांच्या नावाचा साधा फलकही माझ्या पाहण्यात नाही. कुणा वाचकाला ठाऊक असल्यास जरूर कळवावं. आणि पुरवणीतली ती चूक तेवढी दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी