जुना कार्बोरेटर भंगारात घालू नका

मा. संपादक,

जुन्या गाड्यांवर हल्ली बरंच छापून येतं, पण ते सगळं स्क्रॅप आणि पासिंगबद्दल. माझं म्हणणं एका छोट्या पार्टबद्दल आहे, हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरबद्दल, कारण त्याच्यापायी चांगल्या चालत्या गाड्या लोक दारात उभ्या करून ठेवायला लागलेत आणि ते बघवत नाही.

आमची फियाट १९६८ ची, डिलाइट. डुक्कर फियाट म्हणतात ती नव्हे, त्याच्या नंतरची, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन आणि वर सोलेक्सचा कार्बोरेटर. वडिलांनी घेतलेली, अजून घरात आहे. दोन वर्षांपूर्वी ती स्लोला बंद पडायला लागली, सिग्नलला थांबलं की फस्स, आणि जोतिबाच्या चढाला गरम झाली की मिसिंग, म्हणजे धक्के खात चालणं, इतकं की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून जीव नकोसा करायच्या. एका गॅरेजात दाखवली. त्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि पाच मिनिटांत सांगितलं की कार्बोरेटर गेलाय, नवीन टाका. टाकला. साडेचार हजार गेले, आणि महिन्याभरात प्लग काळेकुट्ट, अॅव्हरेज निम्म्यावर, सकाळी स्टार्ट करताना सगळ्या गल्लीत पेट्रोलचा वास.

नशीब म्हणून जुना कार्बोरेटर पोत्यात पडून होता, रद्दीवाल्याला द्यायचा राहिला होता. ओळखीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो तर त्यांनी पहिलं विचारलं, "जुना कुठाय?" आणून दिला तर थ्रॉटलचा, म्हणजे अॅक्सिलरेटरनं उघडणाऱ्या झडपेचा, दांडा दोन बोटांत धरून हलवला आणि म्हणाले, "मालक, बघा की, किती खेळतोय." खरंच मिलिमीटरभर हलत होता. म्हणजे काय व्हायचं, स्लोला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन जोरात ओढत असतं, मग जिथं फट मिळेल तिथनं हवा आत शिरते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, आणि गाडी बंद पडते. त्यावर उपाय म्हणून स्क्रू पिळत बसायचं आणि शेवटी नवीन टाका म्हणायचं, हे आमच्या गाडीच्या बाबतीत झालं.

मिस्त्रींनी उद्यमनगरात लेथवर पितळी बुश, म्हणजे दांडा घट्ट बसवणारी कडी, करून घेतला, दांड्याच्या दोन्ही बाजूला. कार्बोरेटर इंजिनावर बसतो ती खालची फ्लँजसुद्धा वाकलेली होती, नट आवळून आवळून, ती सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून गोल गोल घासून त्यांनी सरळ केली, तासभर घासत होते, मध्येमध्ये उजेडाला धरून बघायचे. मग मेन जेट, पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पार्ट. जेटवर नंबर असतो तो उगाच नसतो, १२० म्हणजे भोक १.२० मिलिमीटरचं, आणि आमच्या जेटमध्ये कुणीतरी कधीतरी तार घालून भोक मोठं केलेलं. जेट हवेनं साफ करायचा असतो ओ, तारेनं नाही! त्याच नंबरचा जेट बसवला, आत येणारं पेट्रोल अडवणारी निडल आणि पॅकिंग बदललं. एवढं करूनही चढाला थोडं मिसिंग राहिलं तेव्हा प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डेलकोतला कंडेन्सर बदलला आणि तेही गेलं, म्हणजे निम्मं दुखणं कार्बोरेटरचं नव्हतंच. नव्या कार्बोरेटरला दिले त्याच्या निम्मेसुद्धा पैसे लागले नाहीत.

आता यात भर म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं, गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या फ्लोटच्या वाटीत पांढरी पावडर धरते, आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा जुना रबरी डायफ्रॅम (पडदा) खराब होतो. ५० वर्षांवरच्या गाड्यांना सरकारनं २०२१ साली व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, मग त्यांना चालेल असं पेट्रोल जिल्ह्यात एखाद्या तरी पंपावर मिळावं असं मला मनापासून वाटतं. तोवर मालकांनी निदान इथेनॉलला टिकणारी पाइप आणि डायफ्रॅम बसवून घ्यावेत आणि गाडी आठवड्यातनं एकदा तरी फिरवावी.

खरी काळजी वेगळीच आहे. २०२० ला बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, आलं आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींचाही कार्बोरेटर गेला, त्यामुळे आत्ताच्या पोरांच्या हातात स्कॅनर आहे, जेट नाही, त्यात त्यांची काही चूक नाही. पण आयटीआयमध्ये कार्बोरेटर दुरुस्तीचं हे काम हाताने करून दाखवायला वर्षातले चार दिवस तरी ठेवता येतील की नाही? आमच्या मिस्त्रींचं वय ७४ आहे. मी त्यांना विचारलंय. येतो म्हणाले, पैसे नकोत, फक्त न्यायला-आणायला कुणीतरी पाहिजे. ते मी करीन.

– एक वाचक, कोल्हापूर